मधला माइक, आडवा माइक

कपिल : त्या खुर्चीवर नोका बसू वहिनी, तिचा पाय मोडला आहे. इकडं या. हां. आता मले जरा मांडून पाहू द्या. म्हातारीले काढलं त तुमच्या पदरात काय काय पडते? पह्यलं, दिल्लीच्या महोत्सवात गाणं. दुसरं, पत्रिकेवर नाव : मुख्य गायिका सौ. जया बबलू आडे. तिसरं, एकदा मधात बसाले लागल्या की तांड्याच्या नाईकासमोर पदर मागं सारून गायची मोकळीक. आणखी काही राह्यलं का?

जया : काढलं म्हणजे गाण्यातून काढलं. नीट बोला, कपिलभाऊ. सासू माझी घरी जिवंत बसली आहे.

कपिल : मी बी गाण्यातूनच म्हणतो. दुसरं तुमच्याच मनात आलं.

जया : चौथं राहिलं. पण ते तुम्हाला कळायचं नाही.

कपिल : सांगून त पाहा. बाजूच्या दालमिलची लाइन गेली आहे. लोहाऱ्याच्या एमआयडीसीत एवढी शांतता पुन्हा नाही भेटत.

जया : लग्न होऊन तांड्यात आले, त्या दिवसापासून मी त्या बाईच्या बाजूला बसते. ती ओळ टाकते, मी उचलते. होळी असो नाहीतर लग्न. तिच्या तोंडातून पडलं की माझ्या तोंडात. आणि उचलताना मला दम लागला, की सगळ्या बायकांसमोर म्हणते, हिच्या गळ्यात गोरमाटी बंजाऱ्यांचं पाणी नाही, आश्रमशाळेचं वरण आहे.

कपिल : वा! म्हातारी बोलते मात्र बरोबर मापात.

जया : हसा. तुम्हाला नाही ऐकावं लागत.

कपिल : बरं, हसत नाही. पन मले एक सांगा. सोमवारी तिच्या गळ्याचं ऑपरेशन. गाठ निघते, अन् आवाजही तिच्यासंगच निघते असं डॉक्टर म्हनला. दिल्लीले त ती तशीही येत नाही. तिथी तुम्हीच गाणार. मंग फायलीत राहू द्या ना बिचारीले.

जया : तिच्या आवाजावर निवड झाली, आणि गायला मी गेले, तर लोक काय म्हणतील? सासूच्या गळ्यावर बसून आली. नाही. निवडच माझ्या आवाजावर झाली पाहिजे.

कपिल : मंग एकट्या गा. मी आत्ता इथीच पुन्हा रेकॉर्ड करून देतो.

जया : जमत नाही.

कपिल : काहून?

जया : ढावलो पाठ नसतो, भाऊ. नवरी निघाली, की त्या घरावर, त्या पोरीवर, त्या दारातल्या लिंबावर जागच्या जागी ओळ बांधायची असते. बांधते ती. मी फक्त उचलते. पण ती बांधते त्यापेक्षा मी उचलते ते गोड लागतं. सगळा तांडा म्हणतो.

कपिल : म्हणजे शिवणारी ती, अन् घालून मिरवणाऱ्या तुम्ही.

जया : होईल का नाही तेवढं सांगा.

कपिल : होते ना! तुमच्या नशिबानं मी तो नवा माइक आनला होता. तो म्हणजे एका दांड्यात दोन माइक. एक सरळ समोर पाहते. दुसरा आडवा, डमरूसारखा. त्याले डावीकडं एक तोंड, उजवीकडं एक तोंड, अन् समोरचं जवळपास आइकूच येत नाही. रेकॉर्डिंगच्या दिवशी तांड्यात नाईक बसला माइकाच्या मागं. तो तुमचा चुलत सासरा. त्याच्या समोरासमोर सुनेनं बसायचं नाही, म्हणून तुम्ही बाजूले सरकल्या, पदर ओढून. म्हातारी बसली समोर. तुमच्या तांड्याची रीत जशीच्या तशी माह्या माइकात उतरली. समोरच्या माइकात सासू. आडव्या माइकात सून.

जया : दोन्ही वेगळे?

कपिल : साफ वेगळे. ही मधली फाइल. ही बाजूची. घाला हेडफोन. आता मी मधली शून्यावर आनतो. आइका.

जया : अगं बाई!

कपिल : आली का हाताले?

जया : ती कुठे गेली?

कपिल : भिंतीपलीकडं. बारीक आहे अजून, पन तुमच्या आवाजाखाली दबते. तुम्ही तिच्या मागंमागं चालता ना, तीच खूण पुसल्या गेली. आता असं वाटते, तुम्हीच बांधून राह्यल्या अन् तुम्हीच गाऊन राह्यल्या.

जया : हे मी आहे? एवढं… एवढं मोकळं?

कपिल : रडू नोका. हेडफोन महागाचा आहे.

जया : हेच द्या. असंच.

कपिल : एक पेच आहे. दिल्लीच्या निवड समितीच्या नियमात लिहेल आहे, डावा-उजवा दोन कानी आवाज पायजे, अन् कुठं कापलेलं नोको. मंग ही माह्या जोडणीतून काढावी लागते. डाव्या कानात मधला अधिक बाजूचा. उजव्या कानात मधला उणे बाजूचा. मधला आपन काढला. म्हणजे डाव्यात तुम्ही सुलट, उजव्यात तुम्हीच उलट.

जया : उलट म्हणजे?

कपिल : डाव्यात लाट वर चढते तवा उजव्यात खाली उतरते. कानाले कळत नाही ते. उलट भारी वाटते. चारी अंगानं तुम्हीच तुम्ही.

जया : मग पाठवा.

कपिल : अन् माह्या पदरात?

जया : आवाजवाला म्हणून आमच्यासोबत दिल्ली. मंडळात तुमचं नाव टाकते.

कपिल : झालं. सौदा बरोबरीचा आहे. पाठवून राह्यलो… गेली. आता चहा सांगू?

जया : आता मधली पुसा.

कपिल : कायले? राहू द्या ना एका कोपऱ्यात.

जया : नाईकानं मागितली तर? बबलूनं मागितली तर? त्याच्या आईचा आवाज आहे. एकदा कोणी ऐकली, की माझं गाणं पुन्हा बाजूला. पुसा. माझ्यासमोर पुसा.

कपिल : वहिनी, सोमवारी तिचा गळा…

जया : मला सांगता? दवाखान्यात मीच नेणार आहे तिला. उशाशी मीच बसणार, नळीतून मीच भरवणार. ते सगळं मी करीन. एवढं तुम्ही करा.

कपिल : पुसली.

जया : कचऱ्याच्या डब्यातूनही.

कपिल : त्याच्यातून बी. आता ते म्हातारी पुन्हा जन्माले आली तरच भेटन.

*

भुरीबाई : छोरा, ए छोरा! दार ढकल. माझ्यानं ढकलत नाही.

कपिल : अरे बाप्पा! जयावहिनीच्या सासूबाई! याडी, तुम्ही? एकट्या?

भुरीबाई : दवाखान्यात रक्त काढून घेतलं. जया कागदासाठी रांगेत उभी आहे. मी म्हटलं, लघवीला जाते, आणि आटो केली. लोहारा, दालमिलच्या बाजूचा माइकवाला. त्यानं बरोबर आणलं.

कपिल : बसा. त्या खुर्चीवर नोको.

भुरीबाई : माझा आवाज ऐकव.

कपिल : आत्ता?

भुरीबाई : मग कधी? सोमवारी गळा कापणार. डॉक्टर म्हणाला, आजी, नंतर इशारे करायचे. मी म्हटलं, मी काय बैल हाकायची आहे, इशारे करायला? ऐकव. आणि एक काम कर माझं. तिचा आवाज काढून टाक.

कपिल : कोनाचा?

भुरीबाई : सुनेचा. शेपटीसारखी मागे येते. माझी ओळ दारात पोचली नाही, की हिनं उचलली. तुझ्या मशीनमध्ये निघतो का तेवढा?

कपिल : निघते याडी. काहीही निघते. तुमच्या घरात मागणी एकच आहे.

भुरीबाई : काय म्हणालास?

कपिल : काही नाही. कायले पायजे तुम्हाले एकटीचा आवाज?

भुरीबाई : नलूसाठी. माझी नात, जयाची पोरगी. वैशाखात लग्न आहे तिचं. पोरगी निघाली, की घरातली जुनी बाई पुढं होते आणि ढावलो बांधते. मी तर मुकी बसणार. तू भोंग्यावर माझाच आवाज लावायचा. पोरीनं माझ्या गळ्यात पडायचं, आणि गळा भोंग्यातून वाजेल. होईल ना?

कपिल : होईन.

भुरीबाई : मग लाव.

कपिल : याडी, ते… अजून पुरं नाही झालं. कच्चं आहे. थांबा, हे डोक्यावर घाला.

भुरीबाई : ते टोपलं नको. माझे केस ओढले जातात त्यात. त्या डब्यातून वाजव. टेबलावरच्या.

कपिल : त्या एकट्या स्पीकरमधून? बरं. लावतो. पन पह्यले थोडा जयावहिनीचाच आवाज येईन, तुमचा मागून येते…

भुरीबाई : लाव तर.

कपिल : लावलं.

भुरीबाई : लाव ना रे.

कपिल : लावलं ना.

भुरीबाई : कुठे? मला काही येत नाही.

कपिल : थांबा. वायर… वायर त बरोबर आहे. काटा हालून राह्यला. आवाज पूर्ण आहे. दोन्ही काटे हालून… डावा अधिक, उजवा उणे. अन् डबा एकच. हे माय!

भुरीबाई : काय झालं?

कपिल : काही नाही.

भुरीबाई : तोंड का उतरलं तुझं? माझा आवाज खराब आला का?

कपिल : नाही, नाही. वाजून राह्यला ना. मस्त वाजून राह्यला. मले चांगला आइकू येते.

भुरीबाई : मला नाही येत.

कपिल : याडी, तुमचे कान गेले.

भुरीबाई : कान?

कपिल : वय झालं ना. गाठीनं बी होते तसं. गळ्याची शीर कानाले जाते.

भुरीबाई : तू बोलतोस ते तर येतं.

कपिल : मी जवळ आहो. मशीनचा आवाज बारीक असते, तो पह्यले जाते.

भुरीबाई : बरं. गळा सोमवारी जाणार होता, कान आजच गेले. मग तू सांग. तुला येतो ना?

कपिल : येते.

भुरीबाई : गोड आहे?

कपिल : लय गोड.

भुरीबाई : शेवटी मी दम धरून आवाज कापरा केला, तिथं?

कपिल : तिथं त माह्या अंगावर काटा आला.

भुरीबाई : मग आचो, बरं झालं. मला नाही आला तरी चालतं. नलूला येईल.

*

जया : अहो, हे काय झालं? तुम्ही म्हणालात चारी अंगानं मीच मी. तिकडे आत निवडीच्या हॉलमध्ये सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत होते. परीक्षक बाई उठून वायर हलवायला गेली. ढाणकीच्या मंडळाच्या बाया फिदीफिदी हसत होत्या. नाव पुकारलं, जया बबलू आडे, आणि नंतर पंख्याचा आवाज!

कपिल : हळू बोला. दाराजवळ लोकं उभे आहेत.

जया : फाइल रिकामी होती का?

कपिल : भरलेली होती. पन हॉलमधी भोंगा एकच आहे, वहिनी. हेडफोनात तुमचा एक कान सुलट, एक उलट, दोघं दोन घरात राहत होते. इथी दोघांले एका घरात कोंबलं. एक वर चढते, दुसरा खाली ओढते. अधिक-उणे बरोबर. बेरीज शून्य.

जया : तुम्हाला आधी माहीत नव्हतं?

कपिल : मधली फाइल असली की असं होत नाही. ते राहते. एका डब्यात टाका, दोन डब्यात टाका, मधलीचं काही बिघडत नाही. बाजूची मरते. मी मधली काढून फक्त बाजूची कधी कोनाले दिलीच नव्हती. असं मागाले बी कोनी आलं नव्हतं.

भुरीबाई : छोरा.

कपिल : याडी, तुम्ही आतच बसा ना. उकाडा आहे बाहेर.

भुरीबाई : मला ऐकू आलं नाही. मी म्हटलं, कान गेले, तू सांगितलंच होतं. मग बघते तर तो चष्मेवाला परीक्षकही कानात बोट घालतो. नाईकही. मग मागचा माणूस शिंकला, ती शिंक मला ऐकू आली. मग मी विचार केला, सगळ्या हॉलचे कान गेले, आणि शिंक तेवढी वाचली?

जया : कान गेले, असं यांनी सांगितलं? कधी?

भुरीबाई : तू रांगेत होतीस. मी कुठे होते, ते नंतर विचार. छोरा, मी समोर बसले होते. रेकॉर्डिंगच्या दिवशी तू म्हणालास, मधला माइक समोरच्याचा. माझा माइक कुठे आहे?

कपिल : वायर गुंडाळू द्या मले जरा, याडी.

भुरीबाई : तू सांग, जया.

जया : पुसला.

भुरीबाई : कोणी?

जया : मी. मी पुसायला लावला. बोट यांचं, शब्द माझा.

भुरीबाई : आणि डब्यात काहीच नव्हतं, तरी हा म्हणाला, अंगावर काटा आला.

कपिल : याडी, मी घाबरलो…

भुरीबाई : तू गप. तू तर दुकान आहेस. दुकानावर कोणी रागावतं का?

जया : याडी, मला काय शिव्या द्यायच्या त्या घरी द्या. आता वेळ नाही. परीक्षक म्हणाले, ढाणकीवाल्यांचं झालं की तुम्ही समोर बसून गा, आम्ही तेच धरतो. तुम्ही ओळ टाका, मी उचलते. कपिलभाऊंचा माइक पिशवीत आहे, ते लावतील. तुमचा आवाजही निघेल. नलूच्या लग्नाला लागेल.

भुरीबाई : माझा आवाज निघेल, आणि तुझी दिल्ली.

जया : हो. दोघींचंही होतं. यात काय वाईट आहे?

भुरीबाई : काही नाही. हिशोबाला चोख आहेस.

जया : उद्या गळा कापणार आहेत, याडी. आजचाच दिवस आहे.

भुरीबाई : माहीत आहे. गळा माझा आहे.

कपिल : या टायमाले तुम्हीच समोर बसा याडी. मी मधलं अजिबात हलवत नाही. आईची आन.

भुरीबाई : नको. समोर हिला बसव.

जया : मला?

भुरीबाई : तुला. मधोमध. पदर मागे टाक, केस दिसू देत. नाईक समोर असला तर असू दे, मी त्याला सांगते. तुला तेच पाहिजे होतं ना? मी बाजूला बसते.

जया : खरंच?

भुरीबाई : बाजूला कसं बसतात ते मलाही एकदा बघू दे.

जया : पण ओळ टाकाल ना?

भुरीबाई : आजवर कधी असं झालं का, की तू तोंड उघडून बसलीस आणि मी टाकली नाही?

*

कपिल : या, बसा. खुर्ची दुरुस्त करून आनली आहे. म्हातारी कशी आहे?

जया : टाके निघाले. गळ्याला भोक आहे, त्यातून श्वास घेते. पेज जाते आता नळीशिवाय.

कपिल : अन् बोलनं?

जया : ओठ हलतात. आवाज नाही.

कपिल : त्या दिवसाचं माह्यापाशी रेकॉर्डिंग आहे. आइकता? मधात तुम्ही. बराच वेळ नुसता तुमचा श्वास आहे. बाजूच्या माइकात म्हातारीच्या बांगड्या वाजते, हातानं तंबाखू मळून राह्यली असन. मंग चष्मेवाला म्हनते, बाई, सुरू करा. तुम्ही म्हनता, याडी, टाका ना. अन् म्हातारी तुमच्यासंग नाही, त्याच्यासंग बोलते.

जया : मला तोंडपाठ आहे.

कपिल : “साहेब, हिला नवीन बांधायला सांगा. एकदा म्हटलेला ढावलो परत म्हणत नाहीत, तो शिळा असतो. ही मुख्य बाई आहे. तुमच्या हॉलवर बांधू दे, तुमच्या पंख्यावर बांधू दे.” साहेब बी खूश. म्हने, वा, हीच तर खरी परंपरा. मंग पुन्हा तुमचा श्वास.

जया : बंद करा.

कपिल : वाजवलंच कुठं? मी त सांगून राह्यलो.

जया : नाईकानं मान खाली घातली होती. पदर डोक्यावर असता तर निदान माझं तोंड तरी झाकलं असतं.

कपिल : तुम्हाले चटका द्याले म्हातारीनं आपलं सगळं घर पेटवलं. माइक चालू होता, गळा उद्यापर्यंत होता. एक ओळ टाकली असती, त तिचा गाता आवाज राह्यला असता. तोंड मिटून बसली. मानलं पायजे.

जया : मी त्यासाठी आले नाही. बाजूची फाइल आहे ना अजून?

कपिल : आहे. तुमचीच आहे.

जया : तुम्ही म्हणाला होता, ती भिंतीपलीकडे बारीक येते. ती वर काढा. मला तेवढी द्या. नलूचं लग्न आठ दिवसांवर आलं. घरात दुसरं कोणी बांधणारं नाही.

कपिल : ते मी करून पाह्यलं, वहिनी. तुम्ही मांगायच्या आधीच. मले बी रात्री झोप येत नव्हती, उगाच कायले खोटं बोलू. घ्या हेडफोन. आइका.

जया : ही मीच आहे.

कपिल : आणखी वर करतो.

जया : मीच.

कपिल : तिची ओळ जिथी सुरू होते, तिथी एक अक्षर भेटते. कुठं दोन. मंग तुम्ही लगेच उचलता, अन् ते तुमच्याखाली जाते. तुम्हाले खाली केलं की ते बी खाली जाते. तुम्ही एवढ्या लागून चालत होत्या तिच्या मागं, की मधात बोट घालाले जागा नाही.

जया : म्हणजे नाही.

कपिल : नाही.

जया : बरं.

कपिल : पानी घेता? घ्या. आता पाहा, मी सवयीनं मांडत असतो, राग मानू नोका. दिल्लीले ढाणकीवाले गेले. ते तुमची कधी नव्हतीच, म्हणून ते गेली असं बी म्हनता येत नाही. माही दिल्ली गेली, पन मले लग्नसराईत डीजेतून उसंत नाही. म्हातारीचा गळा तसाही जाणारच होता, अन् आवाज तिनं आपल्या हातानं टाकला. सगळे आपापल्या जागी बरोबर बसले. मंग हिशोबात एवढा मोठा खड्डा पडला, तो भरला कोनं?

जया : नलू रोज संध्याकाळी आजीसमोर बसते.

कपिल : कायले?

जया : आजीचे ओठ हलतात, ती बघते. ओठांवरून ओळ उचलायला बघते. आजीही सोडत नाही तिला. हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवते, आणि पुन्हा पुन्हा तेच ओठ हलवते.

कपिल : जमलं का मंग काही?

जया : काल नलू पळत आली. म्हणाली, आई, लागली ओळ. मी म्हटलं, म्हण. तिनं म्हटली. चालीत. कापरा आवाज करून, अगदी आजीसारखी.

कपिल : वा! मंग निघालाच की मार्ग! काय होती ओळ?

जया : जिनं माझा गळा गिळला, तिच्या तोंडात निखारे पडोत. तिच्या दारातला लिंब वाळो.

कपिल : अन् नलूले काय वाटलं?

जया : नलूला वाटलं, हे लग्न जुळवणाऱ्या बाईला आहे. ढावलोमध्ये तसं म्हणतात, जुळवणारीला शिव्या देतात. रीतच आहे. पोरगी खूश आहे. म्हणते, आजीनं मला दिलं.

कपिल : सांगा ना तिले.

जया : काय सांगू? आजीनं तुला हे का दिलं, तेही सांगू?

कपिल : म्हणजे लग्नात ते हेच म्हननार?

जया : माझ्या गळ्यात पडून. सगळ्या तांड्यासमोर.

कपिल : अन् उचलणार कोन?

जया : पोरीचा ढावलो आईच उचलते, भाऊ. मी उचलीन.